खाट नऊ-अ वरची पाकळी

४ फेब्रुवारी

चि. मुंगी,

तू पाठवलेल्या पेटीतला माल आम्ही काल वाफेच्या यंत्रात घालून शिजवला. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते आहे.

घडलं ते असं. पेटी दुपारी आली. आत बर्फात तीन सिरिंजा, आणि त्यांत तुमची ती शाई, म्हणजे शिंपीणबाईंच्या पायाच्या शिरेतून काढलेल्या पेशी तुम्ही प्रयोगशाळेत वाढवून जेलीत कालवलेल्या. वर लेबल होतं, ‘निर्जंतुक. थंड ठेवा.’ आता आमच्या ऑपरेशन थिएटरची रीत ऐक. बाहेरून आलेल्या वस्तूवर काहीही लिहिलेलं असो, ती वाफेतून गेल्याशिवाय टेबलावर येत नाही. इथपर्यंतचा रस्ता तू पाहिला आहेस. पाकिटं भिजतात, फाटतात, उन्हात उभ्या गाडीत तापतात. ‘एकदाच वापरा’ असं लिहिलेल्या वस्तूही आम्ही धुऊन, वाफवून पुन्हा वापरतो, कारण दुसरी वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. या रीतीमुळेच इथे टाके पिकलेला रुग्ण शोधावा लागतो. त्याच रीतीने सिरिंजा वाफेच्या ड्रममध्ये गेल्या. बाहेर आल्या तेव्हा आतली शाई उकडलेल्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखी झाली होती.

डॉक्टरांनी एक सिरिंज उजेडाकडे धरली आणि म्हणाले, “बाई, जंतू मात्र एकही उरला नसेल.” मी हसले नाही. तेही हसले नाहीत.

कोणी केलं हे विचारू नकोस. खातं माझं आहे.

शिंपीणबाईंची स्थिती तुला कळायला हवी. लहानपणी घसा सुजून ताप यायचा, कोणी औषध पुरं केलं नाही, त्यातून हृदयाची झडप आखडली. आता ती नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं. दोन उशा घेऊन झोपते. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून, भिंतीवरचं काहीतरी वाचते आहे असं दाखवते. भिंतीवर काहीही लिहिलेलं नाही. धातूची झडप बसवली तर जन्मभर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि सारखी रक्ताची तपासणी. तिच्या गावात तपासणी होत नाही. आणि तिला मूल हवं आहे, त्या गोळ्यांवर ते जोखमीचं. म्हणून तुमच्या छपाईच्या यंत्रावर तिच्याच पेशींची पाकळी छापून ती झडपेला जोडायची, हे ठरलं होतं.

शाई पुन्हा होईल की नाही, तेवढं सरळ लिही. फोन करू नकोस. फोनवर तू आधी रडतेस, मग “काही नाही गं” म्हणतेस, आणि कामाचं राहून जातं. पेटीची गाडी उद्या परत निघते, तिच्यातून हे पत्र येईल. उत्तरही तिच्यातूनच पाठव.

मावशी

*

९ फेब्रुवारी

मावशी,

आधी नमस्कार, मग भांडण.

पत्र वाचून मी पहिल्यांदा हसले. खरंच. मग हात धुवायच्या खोलीत जाऊन बसले आणि नळ सोडून ठेवला, म्हणजे कोणाला काही ऐकू जाऊ नये. तू बरोबर ओळखतेस मला.

सरळ उत्तर: होईल. निम्म्या पेशी मी मागे ठेवल्या होत्या. नेहमीच ठेवते, तुझ्याकडूनच शिकले असेन. तू दोन डबे पीठ असताना एकच उघडतेस. पण त्या पुन्हा तेवढ्या वाढायला वेळ लागेल. मार्च अर्धा तरी जाईल. काळजी करू नकोस.

आता भांडण. तुमच्या ज्या सिस्टर इथे छपाईचं यंत्र शिकायला आल्या होत्या, त्यांना आम्ही दोनदा सांगितलं होतं की शाईला ऊन पाण्याचासुद्धा हात लावायचा नाही. त्यांच्या नीट लक्षात आलेलं दिसत नाही. चांगल्या आहेत त्या, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी “वाटतं” म्हणतात. सूचनांचा कागद सोबत जोडते आहे. मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. तू स्टाफला एकदा बसवून समजावून सांग. तुझं ऐकतील. सगळे घाबरतात तुला.

आमचं छपाईचं यंत्र सध्या बंद करून, मूळच्या खोक्यात घालून ठेवलंस तर बरं. धूळ बसू नये एवढ्यासाठी. काळजीचं काही नाही.

शिंपीणबाईंना सांग की उशीर होतोय, एवढंच. कारण सांगायची गरज नाही. तू उगाच काळजी करत बसू नकोस.

तुझी मुंगी

*

१५ फेब्रुवारी

चि. मुंगी,

स्टाफला बसवून समजावलं. स्टाफ म्हणजे मी. आरशासमोर जमलं.

त्या सिस्टरला आम्ही ‘शंका’ म्हणतो. दोन मुलांची आई आहे आणि तिच्याइतका हलका हात माझ्या थिएटरमध्ये दुसऱ्या कोणाचा नाही. तिने ड्रमपाशी मला थांबवलं होतं. म्हणाली, “बाई, हे वाफेत घालायचं नाही, असं तिकडे सांगितलं होतं वाटतं.” मी विचारलं, “वाटतं की नक्की?” ती म्हणाली, “नक्कीच वाटतं.” मी म्हटलं, “वाटण्यावर माझं थिएटर चालत नाही,” आणि ड्रमचं झाकण मीच लावलं. तेव्हा तुझा मोठ्या अक्षरांचा कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. शंकेला मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी. तिने विचारलं, “नक्की का, बाई?” आता हे वाक्य वॉर्डभर फिरतं आहे.

शिंपीणबाईंना मी खरं कारण सांगितलं. तुझा सल्ला पाळला नाही. तिच्याच शरीरातला तुकडा आम्ही शिजवला, तो तिला न सांगता कसा राहील? तिने ऐकून घेतलं, पदराशी चाळा केला, मग म्हणाली, “म्हणजे कापड आटलं म्हणायचं.”

“तसंच.”

“आधी कोपरा भिजवून बघायचा असतो, बाई.”

“पुढच्या वेळी बघू.”

“आहे का पुढची वेळ?”

मी सांगितलं, पेशी शिल्लक आहेत, मार्चपर्यंत थांबावं लागेल. डॉक्टरांनी तिला पुन्हा धातूच्या झडपेचं विचारलं. ती आताही बसवता येईल, आणि त्यात लाज काही नाही, पुष्कळ लोक तिच्यावर छान जगतात. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो ट्रक चालवतो, बोलतो कमी. तो म्हणाला, “तुझी छाती, तू सांग.” ती म्हणाली, थांबते. डॉक्टरांनी अट घातली आहे: पायांची सूज गोळ्यांनी आटोक्यात आहे तोवर थांबायचं. सूज वर चढली की धातूची झडप, मग चर्चा नाही.

आता तुझ्याविषयी. तू एका पानात तीनदा मला काळजी करू नकोस म्हणालीस. लहानपणी शाळेतून चिठ्ठी आली की तू असंच तीनदा पाणी विचारायचीस. आणि धुळीसाठी म्हणे यंत्र मूळच्या खोक्यात घाल. मूळच्या खोक्यात घातलेली वस्तू परत जाते. ते न्यायला कोण येणार आहे, आणि कधी?

यंत्र मी खोक्यात घातलेलं नाही.

मावशी

*

२७ फेब्रुवारी

मावशी,

उत्तराला उशीर झाला. दोन गाड्या मी पत्राशिवाय सोडल्या. रागावले नव्हते; काय लिहावं ते ठरत नव्हतं.

आमच्या साहेबांना यंत्र परत हवं आहे. शिजलेल्या शाईची गोष्ट त्यांच्या कानावर गेली आणि त्यांनी शांतपणे सांगितलं की ते मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवू या, तिथली माणसं सरावलेली आहेत. वाईट माणूस नाही. इतकी वर्षं या यंत्राची किंमत उतरवण्यात घालवली, ते गरीब गावांत चालावं म्हणूनच. पण पहिल्याच ठिकाणी फसलं तर दुसऱ्या ठिकाणी कोणी दारात उभं करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. शिंपीणबाईंनीही तिकडे जावं म्हणाले. मी विचारलं, दोन उशांवर झोपणारी बाई दोन दिवसांचा प्रवास कशी करेल? त्यावरही ते “ठीक आहे, राहू द्या” म्हणाले नाहीत.

आणि एक. लेबल मी लिहिलं होतं. ‘निर्जंतुक’ लिहिलं, ‘थंड ठेवा’ लिहिलं, आणि मला इतकं उघड वाटत होतं म्हणून ‘जिवंत आहे’ एवढंच लिहायचं राहिलं. आमच्या इथे सगळ्यांना माहीत असतं. तुमच्या इथे सगळ्यांना दुसरं काहीतरी माहीत असतं. शंकाताईंना माझ्याकडून माफी माग. “वाटतं” वरून मी जे लिहिलं ते परत घेते.

साहेब म्हणतात, “पुन्हा असं होणार नाही” हे वाक्य त्यांना नको आहे, ते सगळेच लिहून देतात. तुम्ही वेगळं काय करणार ते सांगा, म्हणतात. मला काही सुचत नाही. कुलूप? लाल रंग? आणखी मोठी अक्षरं? तू काहीतरी कर. मी इकडे पेशींना खाऊ घालते आहे. छान वाढताहेत, शिवणाऱ्या बाईच्या पेशी आहेत, एकमेकींना धरून राहतात.

मुंगी

*

५ मार्च

चि. मुंगी,

कुलपाने काही होणार नाही. किल्ली माझ्याचकडे असते.

मी विचार केला की चूक नेमकी कुठे झाली. ती लेबलात नव्हती. आम्ही त्या सिरिंजांना सामान समजलो. सामान आलं की आमचे हात आपोआप चालतात: धू, बांध, वाफव, फडताळात ठेव. हे हात बदलायला जावं तर बाकीचं थिएटर बिघडेल. पण या हातांना आणखी एक सवय आहे. रुग्ण आला की तेच हात वेगळे चालतात. ताप बघतात, पांघरूण घालतात, ड्युटी संपली की पुढच्या बाईच्या ताब्यात दिल्याशिवाय घरी जात नाहीत. इतक्या वर्षांत आमच्याकडे कोणी रुग्णाला ड्रममध्ये घातलेलं नाही.

तेव्हा मी पाकळीला दाखल करून घेणार आहे.

वॉर्डात खाट नऊ आणि खाट दहाच्या मधल्या दारामागे आमची चादरींची खोली आहे. चादरी बाहेर काढल्या, भिंती धुतल्या, खिडकीला जाळी ठोकली. त्या खोलीत तुझं यंत्र आणि उबेचं कपाट. खोलीला नंबर दिला, खाट नऊ-अ. केसपेपर केला. नाव: पाकळी. नातेवाईक: शिंपीणबाई. रुग्णाचं तापमान, आजूबाजूचं पाणी स्वच्छ की गढूळ, वीज चालू की बॅटरीवर, हे इतर खाटांसारखंच लिहायचं. ड्युटी बदलताना तोंडी सांगून, दाखवून, ताब्यात द्यायचं. खोलीत गरम वस्तू न्यायची नाही, चहासुद्धा.

डॉक्टर म्हणाले, “बाई, तुम्ही जेलीला खाट दिलीत. उद्या सलाइनच्या बाटलीला रजा द्याल.”

मी म्हटलं, “तुम्ही राऊंडला नऊवरून दहावर जाताना मध्ये इथेही थांबायचं आहे.”

“आणि विचारू काय तिला, झोप लागली का?”

“विचारा. शंका उत्तर देईल.”

शंकेने केसपेपर पाहिला आणि तिला लगेच प्रश्न पडला. “बाई, आहार काय लिहू?”

“पातळ,” मी म्हटलं.

विजेचं काम करणारा येऊन बॅटरी बसवून गेला. सध्या रिकाम्या खोलीचा केसपेपर रोज भरायला लावते आहे, सरावासाठी. कोणी विसरलं की मी तोंड सोडते. आता कोणी विसरत नाही. पहिल्या तीन दिवसांची पानं सोबत पाठवते आहे, साहेबांना दाखव. ती वाचून त्यांना हसू आलं तरी हरकत नाही; हसून झालं की यंत्र कुठे राहणार ते सांगायला सांग.

शिंपीणबाईंची सूज घोट्याच्या थोडी वर आहे. डॉक्टरांनी गोळी वाढवली. तुझा हात चालवता येईल तेवढा भरभर चालव.

मावशी

*

१३ मार्च

मावशी,

साहेब हसले नाहीत. पानं दोनदा वाचली आणि मला विचारलं, “या बाई आपल्याकडे नोकरीला येतील का?” मी म्हटलं, तुम्हाला झेपणार नाही.

यंत्र तिथेच राहील. केसपेपरची नक्कल ते पुढच्या ठिकाणांसाठी ठेवून घेताहेत. ‘आहार: पातळ’ ही ओळ खोडू का, असं मी विचारलं. राहू द्या म्हणाले.

शाई याच पेटीत आहे. लेबल वाच. मी स्वतः यायचं ठरवलं होतं, मग रद्द केलं. मी आले तर तू पाकळी सोडून माझं वजन बघत बसशील.

मुंगी

*

३० मार्च

चि. मुंगी,

रुग्ण दाखल झाला. प्रकृती उत्तम.

लेबल वाचलं. ‘ही जिवंत आहे. हिला थंडी चालते, ऊब चालते, वाफ चालत नाही.’ पेटी उघडताना मी हात मागे बांधून उभी राहिले आणि सगळं शंकेला करू दिलं. मला ते कठीण गेलं, पण मी उभी राहिले.

छपाई तू हजारदा पाहिली असशील. मी पहिल्यांदा पाहिली. त्या सुईतून शाई उतरते ती इतकी बारीक की आधी काही होतंच नाही असं वाटतं. पुढे-मागे, पुढे-मागे, एकावर एक थर. मध्येच, भर दुपारी, वीज गेली. पंखे थांबले, वॉर्डातून “गेली” असा एक सूर आला, आणि नऊ-अ मध्ये सुई तशीच चालत राहिली. बॅटरीवाल्याला मी निरोप पाठवला की काम चांगलं झालं आहे. त्याने उलट निरोप पाठवला की तब्येत ठीक आहे ना, बाई?

मग ती ओली पाकळी उबेच्या कपाटात गेली. तिच्यावरून पेशींना जगवणारा तो गुलाबी रस सारखा वाहता ठेवायचा, म्हणजे झडपेत पुढे जे सोसायचं आहे त्याची सवय होते, हे शंकेने मला समजावलं. शेवटी “वाटतं” म्हणाली नाही.

शिंपीणबाई रोज भेटायच्या वेळेला येते. काचेबाहेर स्टूल दिलं आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, “एवढीशी? माझ्या चिंध्यांच्या पिशवीत याहून मोठे तुकडे असतात.”

मी म्हटलं, “तुमच्या हृदयाला तंबू शिवायचा नाही.”

मग तिने डॉक्टरांना पकडलं. टाका कोणता घालणार, दोरा कोणता, कड दुमडणार की नाही. त्यांनी दोरा आणून दाखवला. तिने तो बोटांत धरून ओढला, उजेडाकडे केला आणि म्हणाली, “चालेल.” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “शेवटच्या परीक्षेलासुद्धा मला एवढा घाम फुटला नव्हता.”

तिचा नवरा एक दिवस काचेपाशी बराच वेळ उभा होता. जाताना शंकेला म्हणाला, “हिला वारा लागत नाही ना?” शंकेने ते केसपेपरवर लिहिलं: ‘नातेवाइकांनी चौकशी केली.’

सूज उतरलेली नाही, पण चढलीही नाही. डॉक्टर म्हणतात, तीन आठवड्यांत पाकळी तयार होईल. तेवढं थांबता येईल. तू पेशी वाढवल्यास, तसं मी इथे तिला मीठ कमी खायला लावते आहे. दोघींपैकी तुझं काम सोपं आहे.

मावशी

*

२१ एप्रिल

मावशी,

गाडीवाला म्हणाला की ऑपरेशन काल होतं. तू फोन करू नकोस म्हणतेस म्हणून केला नाही. हातात फोन घेऊन दोनदा ठेवला. आईने मला विचारलं, काय झालंय. मी म्हटलं, काही नाही गं. ती म्हणाली, मावशीला सांगते तुझं नाव.

लिही. चांगलं असेल तर एक शब्द पुरे. तसं नसेल तर सगळं लिही.

मुंगी

*

६ मे

चि. मुंगी,

एक शब्द त्याच दिवशी गाडीवाल्याजवळ दिला होता, ‘छान’. तो तुला म्हणे “मावशी छान आहे” असा पोचला. त्याला मी बोलले आहे. दोन आठवडे तुला टांगून ठेवलं, त्याचं मला वाईट वाटलं. पण तिला घरी सोडेपर्यंत मोठं पत्र लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. अर्धवट बातमी मी ताब्यात देत नाही.

ऑपरेशनला वेळ लागला. डॉक्टरांनी आखडलेली बाजू सोडवली आणि पाकळी तिला शिवली. पाकळीला शंकेनेच थिएटरमध्ये आणलं, दोन्ही हातांत, लेकरू आणावं तशी. हृदय पुन्हा सुरू केलं तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर पाहिलं, मग मला म्हणाले, “बाई, तुम्ही बघा.” मी पाहिलं. झडप उघडत होती आणि मिटत होती. मागे गळणारं रक्त दिसत नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं की मोजणी करा, बोळे मोजायचे राहिले आहेत. मोजणी बरोबर भरली.

मग दिवस साधे गेले. पहिले दोन दिवस तिला दुखत होतं आणि ती सगळ्यांवर चिडत होती. चिडण्याइतका श्वास पुरतो आहे, याचाच मला आनंद झाला. चौथ्या दिवशी एक उशी काढून टाकली. त्यानंतर तिने शंकेचा एप्रन मागून घेतला आणि त्याचा उसवलेला खिसा खाटेवर बसून शिवून दिला. काल जिना चढली. मधल्या पायरीवर थांबली नाही. मी खाली उभी होते, तिला दिसले नाही.

डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर लक्ष ठेवायचं आहे, आताच फुशारकी नको. बरोबर बोलतात. तुझ्या साहेबांनाही तेच सांग. पण मी आज जेवायला घरी लवकर गेले आणि झोपले. कोणी उठवलं नाही.

आज सकाळी तिला सोडलं. ताबा दिल्याची नोंद मी माझ्या हाताने केली. तुझ्यासाठी इथे उतरवते आहे.

ताब्यात दिलं:
रुग्ण, एक. वॉर्डापासून फाटकापर्यंत स्वतःच्या पायांनी.
झडपेची पाकळी, एक. छातीत. तिच्याच पेशींची.
सुजेच्या गोळ्या, पंधरा दिवसांच्या. मग कमी करायच्या.
घशाच्या जंतूंसाठी दर महिन्याचं इंजेक्शन. त्याचं कार्ड दिलं, गावातल्या नर्सला फोन केला.
रक्त पातळ करायच्या गोळ्या: नाहीत.
शिवणयंत्र चालवायला परवानगी, पुढच्या महिन्यापासून. पायाने नव्हे, आधी हाताने.
मूल: डॉक्टरांना विचारून, वर्षानंतर. तिने विचारलं होतं म्हणून लिहिलं.

ताब्यात घेणार: नवरा सही करायला पुढे आला होता. मी कागद तिच्याकडे सरकवला. सही तिची आहे.

मावशी